वर्गात बालमजुरी शिकवताना

मूल काम करते एवढ्यावरून ते बालमजूर ठरत नाही. शाळा सुटल्यावर आईच्या हाताखाली भाजी निवडणारी, सुट्टीत आजोबांबरोबर शेतावर जाऊन शेंगा तोडणारी, वडील जेवायला गेले की तासभर दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी मुले घरोघरी असतात. त्यात त्यांचे नुकसान होत नाही, झाला तर फायदाच होतो. काम जेव्हा मुलाची शाळा, झोप, खेळ किंवा तब्येत खाऊ लागते, तेव्हा ती बालमजुरी. हा विषय वर्गात काढताना पहिली रेघ इथेच ओढावी लागते. ती ओढली नाही तर खेड्यातल्या वर्गातील निम्मी मुले मनातल्या मनात आपल्या आईबापांना गुन्हेगार ठरवून बसतात आणि पुढचे काहीही त्यांच्या कानांत शिरत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना मोजणीसाठी जी मोजपट्टी वापरते, ती वरच्या रेघेपेक्षा कडक असली तरी विद्यार्थ्यांना सहज समजते. ५ ते ११ वर्षांच्या मुलाने आठवड्यात एक तास जरी उत्पादक काम केले तरी ते बालमजुरीत धरले जाते. १२ ते १४ वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा आठवड्याला १४ तासांची, तर १५ ते १७ वर्षांच्यांसाठी ४३ तासांची आहे. काम धोक्याचे असेल, म्हणजे खाणीतले, विषारी औषधांच्या फवारणीचे, जड ओझ्याचे किंवा रात्रपाळीचे असेल, तर तास न पाहता १८ वर्षांखालचे प्रत्येक मूल त्यात येते. आपल्याच घरचा स्वयंपाक आणि धुणीभांडी मात्र या नेहमीच्या आकड्यांत येत नाहीत. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहिलेल्या मुलीचे दिवसभराचे काम त्यामुळे मोजदादीतून निसटते. जगभरातील आकड्यांत मुलगे जास्त आणि मुली कमी दिसतात, त्याचे एक कारण हे आहे. विद्यार्थ्यांना आकडे दाखवण्यापूर्वी ही बाब सांगितलीच पाहिजे.

आकडे आणि डोळ्यांपुढचे चित्र

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२५ च्या अहवालानुसार, २०२४ मध्ये जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत होती. त्यांपैकी ५ कोटी ४० लाख मुलांचे काम धोक्याचे होते. २००० मध्ये हाच आकडा २४ कोटी ६० लाख होता. म्हणजे पाव शतकात संख्या जवळजवळ निम्म्यावर आली आणि त्याच काळात जगातील एकूण मुलांची संख्या वाढली. मधल्या टप्प्यात मात्र गाडी उलटी फिरली. २०२० ची मोजणी १६ कोटींवर गेली होती, म्हणजे चार वर्षांपूर्वीपेक्षा अधिक. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०२५ पर्यंत सर्व प्रकारची बालमजुरी संपवण्याचे वचन होते. ते पाळले गेले नाही.

आज बालमजुरीतील मुलांपैकी सुमारे ८ कोटी ७० लाख, म्हणजे निम्म्याहून बरीच अधिक मुले, आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील देशांत आहेत. आशियातील संख्या झपाट्याने घटली आहे. भारतापुरते बोलायचे तर २००१ च्या जनगणनेत ५ ते १४ वयोगटातील १ कोटी २६ लाख मुले काम करताना आढळली होती आणि २०११ च्या जनगणनेत १ कोटी १ लाख. त्यानंतरची जनगणना लांबल्यामुळे पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत अजून तोच जुना आकडा फिरतो. तो कोणत्या वर्षाचा आहे हे फळ्यावर शेजारी लिहिण्याची सवय शिक्षकाने ठेवावी.

विद्यार्थ्यांना बालमजुराचे चित्र काढायला सांगितले तर बहुतेकांच्या कागदावर चहाच्या टपरीवरचा कळकट बनियनमधला मुलगा उमटतो. काही जण फटाक्यांचा किंवा काडेपेट्यांचा कारखाना काढतात. ही चित्रे खोटी नाहीत, पण ती विषयाचा छोटा कोपरा दाखवतात. जगातील बालमजुरीपैकी ६१ टक्के शेतीत आहे. कारखाने, खाणी आणि बांधकाम मिळून १३ टक्के, उरलेली घरकाम, बाजार, हॉटेले यांसारख्या सेवांत. २०२० च्या मोजणीत ७२ टक्के बालमजुरी मुलांच्या स्वतःच्या कुटुंबातच चाललेली आढळली. या मुलांतील निम्म्याहून अधिक १२ वर्षांखालची असतात. याचा अर्थ, सर्वसाधारण बालमजूर कोण्या दुष्ट मालकाच्या कोठडीत कोंडलेला नसतो. तो आईवडिलांच्या सोबत, उघड्या रानात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत राबत असतो. म्हणूनच तो दिसत नाही.

उसाच्या फडातले गणित

महाराष्ट्रातील शाळेत हा विषय समजावून देण्यासाठी परदेशातून सुरुवात करण्याची गरज नाही. बीड जिल्हा, पाथर्डी-शेवगावचा भाग, जालना, परभणी इथून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, शिवाय कर्नाटकातील बेळगाव भागातल्या कारखान्यांच्या परिसरात पाच-सहा महिने राहतात. मुकादम नवराबायकोच्या जोडीला आधी उचल देतो. या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. ती लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात किंवा जुने देणे फेडण्यात हंगाम सुरू होण्याआधीच संपलेली असते. मजुरी टनावर मिळते आणि ती उचलीतून वळती होते. एखादा दिवस कामाला दांडी झाली तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात.

फडातला दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. बाप ऊस तोडतो, आई पाला सोलून मोळ्या बांधते, मग त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहतात. आठ-दहा वर्षांची मुलगी कोपीवर थांबते. बांबू आणि ताडपत्रीच्या त्या झोपडीत तान्ह्या भावाला झोका देणे, पाणी भरणे, चूल पेटवून भाकरी थापणे हे तिचे काम. अकरा-बारा वर्षांचा मुलगा फडात असतो. तोडलेल्या उसाची वाढी गोळा करून त्यांच्या पेंढ्या बांधणे, पाचट बाजूला सारणे, बैलांना पाणी दाखवणे ही कामे त्याच्याकडे येतात. वाढी जनावरांच्या चाऱ्यासाठी विकली जातात आणि त्या पैशांवर रोजचा किराणा चालतो. मुलाला कोणी कामावर ठेवलेले नाही. हजेरीपत्रकावर त्याचे नाव नाही. कारखान्याला विचारले तर आमच्याकडे एकही बालमजूर नाही, असे उत्तर मिळते आणि कागदावर ते खरे असते.

हे मूल कामाला का लागते, याचे उत्तर गणिताच्या तासाला मिळू शकते. टनाला ३५० रुपये दर आणि एक लाखाची उचल धरू. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, शिक्षकाने आपल्या भागातले घ्यावेत. उचल फिटायला सुमारे २८६ टन ऊस तोडावा लागेल. जोडी दिवसाला दोन टन तोडत असेल तर एकही खाडा न होता १४३ दिवस. मुलाच्या मदतीने रोज पाव टन जास्त पडला तर १२७ दिवस. म्हणजे सोळा दिवस वाचले. आजारपणात आठवडा गेला, पावसाने फड चिखलला, कारखाना लवकर बंद झाला, तर हेच सोळा दिवस पुढच्या वर्षीचे कर्ज टाळतात. सहावी-सातवीतली मुले हा हिशेब स्वतः मांडतात, तेव्हा ‘आईबाप अडाणी असतात म्हणून मुलांना कामाला लावतात’ हे नेहमीचे वाक्य वर्गात पुन्हा ऐकू येत नाही. कामावरची मजुरी नगावर, टनावर किंवा हजारी विटांवर ठरलेली असेल आणि डोक्यावर आगाऊ घेतलेली रक्कम असेल, तर जास्तीचा प्रत्येक हात घरातूनच काढला जातो. ठाणे-पालघरच्या वीटभट्ट्यांवरील कातकरी कुटुंबांची कथाही याच रचनेची आहे.

या मुलांसाठी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या, वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा निघाल्या. नंतर मूळ गावीच हंगामी वसतिगृहे चालवण्याची योजना आली, म्हणजे आईबाप गेले तरी मूल आजी-आजोबांजवळ राहून गावच्या शाळेत जाईल आणि जेवणाची सोय सरकार करील. दोन्ही उपायांत वसतिगृहाचा विचार अधिक टिकाऊ आहे, कारण मुलाची शाळा, शिक्षक आणि पुस्तक बदलत नाही. पण ते दिवाळीच्या आत सुरू व्हायला हवे. मंजुरीला महिना-दीड महिना उशीर झाला की मुले आधीच ट्रॅक्टरमध्ये बसलेली असतात.

चॉकलेट, बॅटरी आणि चमक

आपल्या भागातली रचना एकदा कळली की जगाचा नकाशा समजायला वेळ लागत नाही. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकवतात. शेते लहान, कुटुंबाची, आणि कोकोचा भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो. मुले लांब पात्याच्या कोयत्यांनी कोकोच्या शेंगा फोडतात, ओझी वाहतात, फवारणीच्या वेळी शेतात असतात. चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये अमेरिकी खासदारांच्या पुढाकाराने एक करार करून २००५ पर्यंत वाईटातली वाईट बालमजुरी थांबवण्याचे कबूल केले. मुदत पुढे पुढे ढकलली गेली. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या दोन देशांच्या कोको शेतीत १५ लाख ६० हजार मुले काम करताना आढळली.

कोबाल्टची गोष्ट वेगळी आहे. मोबाइल आणि विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागणाऱ्या या धातूचा मोठा भाग काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या दक्षिणेकडील कोल्वेझीच्या परिसरातून येतो. तिथे मोठ्या यांत्रिक खाणींच्या शेजारीच हातांनी खोदणाऱ्यांची वस्ती आहे. टाकून दिलेल्या मातीतून दगड वेचणे, धुणे आणि पोत्यांत भरून वाहणे हे काम मुले करतात. युनिसेफने २०१४ मध्ये दक्षिण काँगोच्या खाणपट्ट्यातील मुलांची संख्या सुमारे ४० हजार सांगितली होती आणि २०१६ च्या अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अहवालाने हा माल दलालांमार्फत मोठ्या कंपन्यांच्या साखळीत कसा मिसळतो ते दाखवले. भारतात झारखंडमधील कोडरमा-गिरिडीह आणि लगतच्या बिहारमधील बंद पडलेल्या खाणींतून मुले अभ्रकाचे तुकडे वेचतात. गाडीच्या रंगातील आणि ओठांच्या लालीतील चमक अभ्रकाची असते.

श्रीमंत देश यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेच्या श्रम खात्याने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या एका प्रकरणात, रात्रीच्या वेळी कत्तलखान्यांची यंत्रे धुणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीकडे आठ राज्यांत १३ ते १७ वयाची १०२ मुले कामाला आढळली. ही बातमी वर्गात सांगावी. बालमजुरी म्हणजे काळ्यासावळ्या गरीब देशांची खोड, अशी जी समजूत परदेशी छायाचित्रांतून घट्ट होते, ती त्यामुळे सैल होते.

ढाक्याचा धडा

चॉकलेट आणि बॅटरीविषयी ऐकल्यावर वर्गातून हमखास एक सूचना येते: मग आपण त्या वस्तू घेऊच नयेत. या सूचनेचा आदर करून तिला उत्तर द्यायचे असेल, तर बांगलादेशातील १९९० च्या दशकाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

१९९२ मध्ये अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी एक विधेयक मांडले. मुलांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी, असा त्याचा आशय. विधेयक कधीच मंजूर झाले नाही. पण बांगलादेशातील तयार कपड्यांच्या कारखानदारांनी त्याची धास्ती घेतली, कारण त्यांचा मोठा ग्राहक अमेरिका होता. अंदाजे ५० हजार मुलांना, ज्यांत मुली अधिक होत्या, कामावरून काढून टाकण्यात आले. या मुलांपैकी फारशी कोणी शाळेत गेली नाहीत. शाळा जवळ नव्हती, असली तरी घरची चूल मुलीच्या पगारावर चालत होती. युनिसेफने नंतर शोध घेतला तेव्हा अशी मुले खडी फोडताना, रस्त्यावर किडूकमिडूक विकताना, काही तर वेश्याव्यवसायात सापडली. कपड्यांचा कारखाना त्या मानाने सुरक्षित होता.

मग ४ जुलै १९९५ रोजी कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्यात करार झाला. शाळेची सोय झाल्याशिवाय आणखी कोणाला काढायचे नाही, नवीन मूल घ्यायचे नाही, शाळेत जाणाऱ्या मुलाला महिन्याला ३०० टाका द्यायचे आणि शक्य तिथे त्याच्या जागी घरातील मोठ्या माणसाला काम द्यायचे, असे त्यात ठरले. ३०० टाका पगारापेक्षा कमी होते, त्यामुळे सगळी मुले आली नाहीत. तरीही पाहणी, शाळा आणि भत्ता ही तिन्ही कामे एकत्र बांधण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न ठरला आणि पुढच्या अनेक देशांतील योजना त्यावरून बेतल्या गेल्या.

नववी-दहावीच्या वर्गात हा प्रसंग चार गटांत वाटून देता येतो: कारखानदार, बारा वर्षांची शिलाईकाम करणारी मुलगी, तिची आई आणि अमेरिकेतील ग्राहक. प्रत्येक गटाला १९९२ मधली आणि १९९५ मधली आपली बाजू मांडायला सांगावे. बहिष्कार चुकीचाच, असा निष्कर्ष काढून देण्याची घाई शिक्षकाने करू नये. विधेयकाचा धाक नसता तर १९९५ चा करार झाला असता का, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

कशाने घटली?

आज ज्या देशांत मुले कामावर दिसत नाहीत, तिथे ती पूर्वी होती. ब्रिटनमध्ये १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना बंदी केली आणि तपासणीसाठी पगारी निरीक्षक नेमले. अमेरिकेत लुइस हाइन या शिक्षकाने १९०८ पासून खाणी, गिरण्या आणि कॅनिंगच्या कारखान्यांतील मुलांची हजारो छायाचित्रे काढली. तरी देशव्यापी आणि टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडले. मुंबईच्या गिरण्यांतही लहान मुले राबत होती. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने फक्त सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. शंभरापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना तो लागूच नव्हता. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांना संघटित केले ते १८८० च्या दशकात.

फक्त कायद्याने मुले कामावरून उठली असे कुठेही झाले नाही. अमेरिकी अभ्यासक मायरन वायनर यांनी १९९१ च्या आपल्या पुस्तकात भारताबद्दल एक बोचणारा निष्कर्ष मांडला: गरिबी हे कारण सांगितले जाते, पण भारतापेक्षा गरीब असताना अनेक देशांनी शिक्षण सक्तीचे केले. भारतातील सुशिक्षित वर्गाला गरिबांच्या मुलांनी काम करणे खटकत नाही, हे खरे कारण. या मताशी सगळे सहमत नाहीत. परंतु जातीवर आधारलेल्या समाजात काही मुलांच्या हातात पुस्तक आणि काहींच्या हातात विळा ‘स्वाभाविक’ वाटतो, हे त्यांचे निरीक्षण वर्गात चर्चेला घेण्यासारखे आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने १९९१ पासून याच्या उलट दिशेने काम केले. शाळेबाहेरचे प्रत्येक मूल बालमजूर धरायचे आणि गावानेच त्याला शाळेत आणायचे, मोठ्या वयाच्या मुलांना काही महिन्यांच्या निवासी शिबिरात तयार करून त्यांच्या वयाच्या वर्गात बसवायचे, ही त्यांची पद्धत. २००३ मध्ये सिन्हा यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वयानुरूप वर्गात प्रवेश ही तरतूद पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही आली.

कायद्याचा भाग थोडक्यात शिकवावा. राज्यघटनेचे कलम २४ चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांत बंदी करते. १९८६ च्या कायद्याने ठरावीक व्यवसायांपुरती मनाई केली होती. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखाली सर्वच कामांना बंदी आली आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांतून वगळले. मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि वीस ते पन्नास हजार दंड होऊ शकतो. मात्र शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्याला सूट आहे आणि बालकलाकारांनाही. फडातला तो मुलगा या सुटीच्या आडोशाला सहज उभा करता येतो, ही या कायद्याची सर्वांत मोठी दुबळी बाजू. २०१७ मध्ये भारताने किमान वयाविषयीच्या १३८ क्रमांकाच्या आणि सर्वांत वाईट बालमजुरीविषयीच्या १८२ क्रमांकाच्या अशा दोन्ही आंतरराष्ट्रीय करारांना मान्यता दिली. १८२ वा करार २०२० मध्ये श्रम संघटनेच्या सर्व सदस्य देशांनी स्वीकारला, असे त्या संघटनेच्या इतिहासात प्रथमच घडले.

मुलांनी केलेली चळवळ

पाकिस्तानातील इक्बाल मसीह याला चार वर्षांचा असताना सुमारे ६०० रुपयांच्या कर्जापायी गालिच्याच्या मागावर बसवण्यात आले. दहाव्या वर्षी तो सुटला, वेठबिगारीविरुद्ध बोलू लागला आणि १९९४ मध्ये एक पुरस्कार घेण्यासाठी अमेरिकेला गेला. तिथे क्विन्सी शहरातील ब्रॉड मेडोज या शाळेत तो विद्यार्थ्यांना भेटला. १६ एप्रिल १९९५ रोजी त्याला गोळी घालून मारण्यात आले. त्या शाळेतील मुलांनी त्यानंतर इतर शाळांना पत्रे लिहिली, बारा-बारा डॉलरची मदत मागितली, लाखाहून अधिक डॉलर जमवले आणि त्यातून पाकिस्तानात कसूर भागात गरीब मुलांसाठी शाळा उभी राहिली. इक्बालची गोष्ट सांगताना शिक्षक बहुधा त्याच्या मृत्यूवर थांबतात. विद्यार्थ्यांना उपयोगाचा भाग त्यापुढचा आहे: आपल्याच वयाच्या मुलांनी कोणती पत्रे लिहिली, कोणाला लिहिली, पैशांचा हिशेब कसा ठेवला.

१९९८ मध्ये कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने मनिलाहून निघालेली जागतिक पदयात्रा अनेक देशांतून जिनिव्हाला पोहोचली. काम करून सुटलेली मुले श्रम संघटनेच्या परिषदेत शिरली आणि पुढच्याच वर्षी १८२ वा करार झाला. सत्यार्थी यांना २०१४ मध्ये मलाला युसुफझाई यांच्यासह शांततेचे नोबेल मिळाले.

केव्हा आणि कसे शिकवावे

१२ जून हा बालमजुरीविरोधी जागतिक दिवस २००२ पासून पाळला जातो. महाराष्ट्रात त्या सुमारास शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते किंवा नुकतीच संपत असते. घाईत एखादी प्रभातफेरी आणि घोषवाक्यांचे फलक यापलीकडे काही होत नाही. स्थलांतराच्या भागात या विषयाची खरी वेळ सप्टेंबर, फार तर दसऱ्याच्या आत. तेव्हा ज्यांच्यापुढे हा प्रश्न उभा आहे, ती मुले वर्गात असतात. डिसेंबरात शिकवला तर ज्यांच्याविषयी शिकवायचे तीच गैरहजर असतात.

चौथी-पाचवीत दिवसाचे घड्याळ पुरते. कागदावर चोवीस तासांचे वर्तुळ काढून झोप, शाळा, खेळ, घरकाम असे रंग भरायचे, मग शेजारी कोपीवरच्या मुलीचे वर्तुळ भरायचे. सातवी-आठवीत शाळेचा हजेरीपट उत्तम साधन ठरतो. नावे झाकून गेल्या तीन वर्षांतील महिनावार हजेरी मोजली की नोव्हेंबर ते मार्चमधली खोल घळ आलेखात स्वतःच दिसते. वस्तूचा माग काढण्याचा उपक्रमही चांगला आहे: साखरेची पुडी, अगरबत्ती, विडी, वीट यांपैकी एक घेऊन ती किती हातांतून आली हे विचारत मागे जायचे. विचारपूस करण्यासाठी मुलांना एकटे भट्टीवर किंवा फडावर पाठवू नये.

काही गोष्टी टाळणे अत्यावश्यक आहे. वर्गातील एखाद्या मुलाला उभे करून ‘तुझे आईबाप ऊसतोडीला जातात ना, सांग सगळ्यांना’ असे विचारणे क्रूर आहे, हेतू कितीही चांगला असो. अनुभव लिहून घ्यायचा असेल तर सर्वांकडून, नावाशिवाय. फाटके कपडे घालून बालमजुराची भूमिका करवणाऱ्या नाटिकांमुळे टाळ्या मिळतात, पण खरोखर तसे कपडे घालणारे मूल प्रेक्षकांत बसलेले असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००२ पासून शाळांसाठी तयार केलेल्या उपक्रमसंचातही नाट्य, चित्र आणि लेखनाचा वापर आहे. तिथे नाटक मुले स्वतः रचतात आणि गावापुढे प्रश्न मांडण्यासाठी करतात.

धडा नीट झाला तर एखादे मूल तास संपल्यावर शिक्षकाजवळ येऊन काहीतरी सांगते. स्वतःविषयी किंवा शेजारच्या घरात कामाला ठेवलेल्या मुलीविषयी. त्या वेळी काय करायचे हे शिक्षकाला आधीच ठाऊक हवे. मुलाचे म्हणणे चारचौघांत उच्चारायचे नाही, मालकाशी स्वतः भांडायला जायचे नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मोफत दूरध्वनी चोवीस तास चालतो. जिल्ह्यातील बाल कल्याण समिती आणि बाल संरक्षण कक्ष यांच्याकडे प्रकरण जाते, केंद्राच्या ‘पेन्सिल’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. मूल आईबापांबरोबर हंगामाला निघाले असेल तर तक्रारीपेक्षा आधी हंगामी वसतिगृहात जागा पाहावी. ती नसेल तर जिथे जाणार त्या कारखान्याच्या जवळची शाळा शोधून तिथल्या मुख्याध्यापकांना कळवावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाच्या मध्ये आणि दाखल्याअभावीही प्रवेश नाकारता येत नाही. मूल एप्रिलमध्ये परत येईल तेव्हा पटावर त्याचे नाव तसेच असले पाहिजे आणि राहिलेल्या पाच महिन्यांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र तासांची आखणी मुख्याध्यापकांनी मार्चमध्येच केलेली असली पाहिजे.